पेनाइल फ्रॅक्चर: ऑपरेशनला उशीर झाला तर पुढं ताठरता जाते का?

शिरोली_फाटा
मंडळी, विषय नाजूक आहे. हसायचं असेल त्यांनी आधी हसून घ्या, पण नंतर उत्तर द्या.

माझा जवळचा मित्र. वय चौतीस, फाउंड्रीत कामाला. सव्वा महिन्यापूर्वी शनिवारी रात्री संबंधाच्या वेळी लिंगातून 'कट्' असा आवाज झाला. ताठरता तिथल्या तिथं उतरली, थोड्या वेळात सूज आली आणि सगळं काळंनिळं पडलं. बर्फ लावून रात्र काढली. सकाळी गावातल्या एका दवाखान्यात गेला, तिथं सुजेच्या गोळ्या दिल्या आणि 'आठ दिवसांत उतरेल' म्हणून परत पाठवलं. रविवारी रात्री त्याचा मला फोन आला, मग गाडीत घालून कोल्हापुरात यूरोलॉजिस्टकडं आणला. सोमवारी पहाटे ऑपरेशन झालं. उजव्या बाजूला एकच चीर होती, मूत्रमार्ग शाबूत.

डॉक्टर म्हणतात जखम चांगली भरलीय, काळजी करू नको. पण ह्यानं मोबाईलवर कुठंतरी '२४ तासांच्या आत ऑपरेशन नाही तर कायमचा परिणाम' असं वाचलंय. तेव्हापासून गडी पार खचलाय. वहिनींशी धड बोलत नाही, वेगळ्या खोलीत झोपतो. मला म्हणतो, "तीस तास गेले रे, संपलं सगळं."

तर प्रश्न असा: हा जो उशीर झाला त्यानं खरंच पुढची ताठरता जाते का? की नेटवरचं वाचून उगाच घाबरलाय? जाणकारांनी सांगावं. अनुभवी असतील तर टोपणनावानं लिहा, आम्ही काय ओळखत नाही कुणाला.

नादखुळा
तिथं हाडच नसतंय की राव, फ्रॅक्चर कुठलं?

रात्रपाळी
@नादखुळा, माणसाला नसतं, कुत्र्याला असतं. आपल्यात फाटतं ते आवरण. आत स्पंजासारखे दोन कप्पे शेजारी शेजारी असतात, त्यांच्यात रक्त भरलं की ताठरता येते. त्या कप्प्यांवर ट्युनिका अल्बुजिनिया नावाचं चिवट आवरण असतं. एरवी ते साधारण २ मिलिमीटर जाड, पण ताठर असताना ताणून पाव ते अर्धा मिलिमीटरवर येतं. अशा वेळी जोरात वाकलं, जोडीदाराच्या दोन मांड्यांच्या मधल्या भागावर किंवा समोरच्या हाडावर आपटलं, की फाटतं. आवाज येतो तो त्याचाच. रक्त बाहेर कातडीखाली पसरतं म्हणून सूज.

सर्जिकल वॉर्डात नोकरी केलीय. लोकांना वाटतं तितकी ही गोष्ट दुर्मीळ नाही, लोक सांगत नाहीत एवढंच. केस पेपरवर 'बाथरूममध्ये पडलो' लिहिलेलं असतं.

लाल_माती
माझ्या माहितीप्रमाणं सहा तास. सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर ठीक, नाहीतर विषय संपला. आमच्या तालमीतल्या एका पोराच्या बाबतीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सहा तास झाले असते तर काढून टाकावं लागलं असतं. मित्राला खोटी आशा दाखवू नका.

नादखुळा
काढून टाकावं लागलं असतं?? 😳 मी चाललो धाग्यावरनं.

रात्रपाळी
लाल_माती दादा, त्या पोराचं अंडाशयाचं... म्हणजे वृषणाचं पीळ पडण्याचं प्रकरण असणार. टॉर्शन. अचानक एका बाजूच्या गोटीत भयंकर दुखतं, उलटी होते, बहुतेक वेळा शाळा-कॉलेजच्या वयातली पोरं. तिथं रक्तपुरवठाच बंद पडतो म्हणून सहा तासांची घाई. ते खरंच काढायची वेळ येते. इथली भानगड वेगळी आहे, रक्तपुरवठा तुटत नाही, पिशवी फाटते. दोन्हीची खिचडी करू नका. शिरोलीकरांचा मित्र हे वाचत असेल तर त्याची झोप अजून उडेल.

लाल_माती
असेल बाबा. खाली दुखत होतं एवढंच कळालं होतं आम्हाला. पोरगं बोलायलाच तयार नव्हतं.

तांबडा_पांढरा
मी शल्यचिकित्सक आहे, कोल्हापूर जिल्ह्यातच काम करतो. कुणाला तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, जे सर्वसाधारण माहीत आहे ते लिहितो.

पहिली गोष्ट, ऑपरेशन करावं की नाही हा वाद आता उरलेला नाही. पूर्वी बर्फ, घट्ट पट्टी, सुजेच्या गोळ्या आणि विश्रांती हाच उपचार असायचा. त्यात पुढं वाकडेपणा राहणं, ताठरतेच्या वेळी दुखणं, ताठरता कमी पडणं हे प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा बरंच जास्त दिसलं. अमेरिकन यूरोलॉजिकल असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तातडीनं उघडून शिवावं असंच आहे. युरोपियन संघटनाही २४ तासांच्या आत म्हणते. तुमच्या मित्रानं वाचलेला २४ चा आकडा बहुधा इथला.

आता उशिराबद्दल. इथं अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. २०१६ मध्ये ५८ शोधनिबंध, ३,२१३ रुग्ण एकत्र करून एक विश्लेषण झालं. लवकर केलेल्या शस्त्रक्रियेत एकूण गुंतागुंत कमी होती. पण फक्त ताठरतेच्या तक्रारीपुरतं पाहिलं तर लवकर आणि उशिरा ह्या दोन गटांत लक्षणीय फरक सापडला नाही. इजिप्तमधल्या मन्सूरा इथल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये १८० रुग्णांचा असाच हिशेब मांडला, २४ तासांच्या आत आलेले आणि नंतर आलेले. निकाल जवळपास सारखे. इजिप्तमध्येच एका गटानं तर मुद्दाम आठवडाभर थांबून, सूज ओसरल्यावर, लोकल भूल देऊन शिवलं आणि त्यांचे रुग्णही बरे झाले. उलट बाजूला २०१८ चा युरोपातल्या बऱ्याच केंद्रांचा अभ्यास आहे, तो म्हणतो की साधारण आठ तासांच्या पुढं गेलं की निकाल बिघडतात.

म्हणजे तीस तास झाले म्हणून सगळं संपलं असं कुठलाही अभ्यास म्हणत नाही. एकच चीर, एका बाजूला, मूत्रमार्ग वाचलेला, वय चौतीस. ह्यातली प्रत्येक गोष्ट मित्राच्या बाजूनं आहे. दोन्ही कप्पे फाटलेले, मूत्रमार्गही फाटलेला, वय पन्नाशीपुढं, आधीपासून साखर, असा माणूस असता तर मी जपून बोललो असतो, मग ऑपरेशन दोन तासांत का झालेलं असेना.

मंगळवार_पेठ
डॉक्टर, शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचलो. हा तेवढा छापून त्या मित्राच्या हातात द्या.

पंचगंगा_पूर
@तांबडा_पांढरा सर, प्रतिसाद उत्तम, पण एक शंका काढतोच, आकडेवारी हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

उशिरा येणारे आणि लवकर येणारे हे दोन गट मुळात सारखे असतात का? ज्याला लघवीच्या तोंडातून रक्त येतंय, लघवीच होत नाहीये, तो धावत येतो. ज्याची चीर लहान, सूज बेताची, तो दोन दिवस काढतो. मग उशिरा आलेल्यांचे निकाल चांगले दिसले तर ते उशीर चालतो म्हणून, की त्यांची इजाच लहान होती म्हणून? चिठ्ठ्या टाकून कुणाला आज आणि कुणाला चार दिवसांनी असं काही कोण करणार नाही, त्यामुळे हे कोडं सुटणं अवघड.

शिवाय इजेच्या आधी त्या माणसाची ताठरता कशी होती हे कुणी मोजून ठेवलेलं नसतं. नंतर प्रश्नावली भरून घेतात. आधी कसं होतं, हे आठवणीवर.

त्यामुळे 'फरक सापडला नाही' याचा अर्थ 'फरक नाही' असा घेऊ नये एवढंच.

तांबडा_पांढरा
मान्य. ही मर्यादा मीच लिहायला हवी होती, टंकायचा कंटाळा आला. उलट्या बाजूनंही तसंच होऊ शकतं, म्हणजे उशीर झालेला माणूस लांबून आलेला, मधे कुणीतरी चोळून मालिश केलेली, त्यामुळे निकाल वाईट. युरोपच्या अभ्यासालाही हाच आक्षेप लागू पडतो.

पण एक सांगतो. मला रात्री दोन वाजता फोन आला आणि समोरचा 'सकाळी येऊ का' म्हणाला, तर मी 'आत्ता या' म्हणणार. आणि समोरचा तीस तासांनी आला तर 'या, करूया' म्हणणार. दोन्ही उत्तरं त्याच माहितीवरून निघतात. गडबड होते ती पहिल्याला द्यायचं वाक्य दुसऱ्यानं वाचल्यामुळं.

गडहिंग्लजकर
रात्री दोनला ऑपरेशनला घ्यायचं की सकाळी आठला? हा माझा खरा प्रश्न आहे. दमलेल्या सर्जनकडून रात्री घाईत शिवून घेण्यापेक्षा सकाळी ताज्या टीमनं केलेलं बरं नाही का? माझा भाऊ भूलतज्ज्ञ आहे, तो म्हणतो पहिल्या दिवसातले पाच-सहा तास इकडं तिकडं झाल्यानं बिघडत नाही.

तांबडा_पांढरा
ह्यावर आमच्यातच दोन तट आहेत. मी रात्रीच घेणाऱ्यांतला. सूज वाढत जाते, रक्त गोठत जातं, चीर शोधायला वेळ लागतो. पण तुमच्या बंधूंचं चूक आहे असं म्हणणार नाही. सकाळच्या यादीत पहिलं नाव घातलं तरी चालतं असं मानणारे चांगले सर्जन मी पाहिलेत.

पंचगंगा_पूर
मी बंधूंच्या बाजूचा.

तांबडा_पांढरा
तुमचा फोन आला तर सकाळी उचलीन 🙂

नादखुळा
परत आलो. मला सांगा ते काळंनिळं म्हणजे नक्की कसं दिसतंय? घाबरायचं कधी हे कळायला पाहिजे ना.

रात्रपाळी
डॉक्टर लोक वांग्याची उपमा देतात. इंग्रजी पुस्तकातही तसंच लिहिलंय. सुजतं, जांभळं पडतं आणि फाटलेल्या बाजूच्या उलट्या दिशेला वाकतं.

नादखुळा
कृष्णाकाठच्या वांग्यांची बदनामी थांबवा. उद्या भरलं वांगं कसं खायचं माणसानं?

मंगळवार_पेठ
हे वाचून आमच्या घरात आजच वांगं ताटातून परत आलं. मी कारण सांगितलं नाही.

लाल_माती
अवांतर: तालमीत लंगोट का घट्ट कसतात हे कुणाला विचारू नका, पण कुस्तीत हे असलं काही झालेलं मी तरी बघितलं नाही. माझ्या अंदाजानं ताठर नसताना मार लागला तर हे होत नसावं?

रात्रपाळी
बरोबर अंदाज. शिथिल असताना आवरण जाड आणि लवचीक असतं, मार बसला तर मुका मार बसतो. हे जवळपास नेहमी ताठर असतानाच होतं. संबंधात जास्त, पण झोपेत कुशीवर वळताना, घाईत चड्डी-पँट चढवताना, हातानं जोर देऊनही होतं. इराणमधल्या केर्मानशाह शहरात तर पहाटेची ताठरता घालवायला लोक हातानं दाबून कट् असा आवाज काढतात, बोटं मोडावीत तसं. तिथल्या एका डॉक्टरनं २००० साली १७२ केसेस छापल्या होत्या, बहुतेक ह्याच कारणानं झालेल्या.

बोस्टनचा_बावडेकर
ताक़ान्दान म्हणतात त्याला. माझा इराणी रूममेट होता, त्याच्याकडून ऐकलंय. त्याला वाटायचं सगळं जग असं करतं. 😂

भोगावती
टोपणनाव आहे म्हणून लिहितोय. मला हे होऊन बरीच वर्षं झाली. माझं ऑपरेशन तीन-चार तासांतच झालं होतं, आत्तेभाऊ दवाखान्यातच नोकरीला असल्यामुळं. म्हणजे वेळेच्या बाबतीत माझ्याइतका नशीबवान कोण नसेल.

तरी पुढं कित्येक महिने मला जमत नव्हतं. झोपेत यायचं, पहाटे यायचं, आणि बायको जवळ आली की गायब. मनात सारखं तेच की परत कट् होईल. डॉक्टरांनी डॉप्लर सोनोग्राफी केली, रक्तप्रवाह एकदम ठीक निघाला. त्यांनी सरळ सांगितलं, 'मशीन चालू आहे, चालकानं ब्रेक दाबून धरलाय.' ताठरतेची कमी मात्रेची गोळी काही दिवस दिली, ती फक्त धीर यावा म्हणून असंच ते म्हणाले. हळूहळू सुटलं.

शिरोलीकर, तुमच्या मित्राला एक विचारा: पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? असेल तर निम्मी चिंता तिथंच मिटली. माझ्यापेक्षा तो तासांच्या हिशेबात मागं आहे, पण त्याची जी अवस्था तुम्ही लिहिलीय ती मला माझीच वाटली, आणि मला तर उशीर झालाच नव्हता.

पंचगंगा_पूर
@भोगावती, हा प्रतिसाद अभ्यासांवरच्या माझ्या शंकेपेक्षा मोलाचा आहे. प्रश्नावलीत 'जमत नाही' असं लिहिणाऱ्यांत किती जण तुमच्यासारखे असतील?

तांबडा_पांढरा
बरेच. आणि भोगावतींच्या डॉक्टरांनी केलं ते योग्य क्रमानं केलं. आधी पहाटेच्या ताठरतेची चौकशी, मग डॉप्लर, मग गोळी. त्या गोळ्यांबद्दल मात्र: छातीत दुखण्यासाठी नायट्रेटवर असलेल्यांनी त्या अजिबात घ्यायच्या नाहीत, रक्तदाब धोकादायक पडतो. दुकानातून स्वतःच्या मनानं आणू नका.

मंगळवार_पेठ
आता मी जरा बोलतो, राग आला तरी चालंल.

दोन पानं झाली, सगळं गड्याचं चाललंय. त्या माउलीचं काय? नवऱ्याला असं झालं की सासूपासून नणंदेपर्यंत सगळे तिच्याकडं बघतात, जणू हिनंच मोडलं. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत हे झालंय. नवरा बरा झाला, पण वर्षभर घरात ती मान खाली घालून वावरायची. कुणी तिला बसवून सांगितलं नाही की हा अपघात होता. डॉक्टरांनी सगळ्या सूचना नवऱ्याला दिल्या, हिला बाहेर बाकड्यावर बसवलं.

शिरोलीकर भाऊ, तुमचा मित्र वेगळ्या खोलीत झोपतोय म्हणता. ती दुसऱ्या खोलीत काय विचार करत असेल? तिला वाटत असणार की ह्याला माझाच राग आलाय. पुढच्या वेळी दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर बसायचं, आणि काय झालंय, काय होणार, कधीपासून जवळ यायला हरकत नाही, हे तिच्यासमोर विचारायचं.

शिरोली_फाटा
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वहिनींना फोन माझ्या बायकोकडून करवतो.

रात्रपाळी
मंगळवार_पेठ ताई, +१००. आमच्या वॉर्डात बायका पेशंटपेक्षा जास्त घाबरलेल्या असायच्या.

गडहिंग्लजकर
एक व्यवहाराचा प्रश्न. आजरा-चंदगडकडच्या माणसाला रात्री असं झालं तर जायचं कुठं? तालुक्याच्या ठिकाणी यूरोलॉजिस्ट असेलच असं नाही.

रात्रपाळी
१०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका फुकट असते. कोल्हापुरात सीपीआर आहेच, सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. खासगीत जायचं तर निघायच्या आधी फोन करून विचारा की यूरोलॉजिस्ट आहे का, नाहीतर एका दारातून दुसऱ्या दारात जाण्यात रात्र जाते. पैशाची अडचण असेल तर जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, योजनेत बसतं का ते त्याला विचारा. आणि लाजेनं 'पडलो' सांगू नका, खरं सांगितलं की तपासण्या कमी लागतात. इतिहास आणि डोळ्यांनी बघूनच निदान होतं बहुतेक वेळा. शंका असेल तर सोनोग्राफी, कधी एमआरआय. शीर फुटून नुसती सूज आली असेल तरी बाहेरून सारखंच दिसतं, पण त्यात सहसा आवाज येत नाही आणि ताठरता लगेच उतरत नाही.

लाल_माती
आणि एस.टी. स्टँडच्या भिंतीवरचे नंबर लावू नका. 'हमखास इलाज, तेल मालिश.' सूज आलेल्या जागेवर तेल चोळून वाट लागलेला एक माणूस मला ठाऊक आहे. ऑपरेशनच केलं नाही. बरा झाला म्हणायचा, पण असं वाकडं राहिलं की पुढं वाकडेपणासाठीच ऑपरेशन करावं लागलं.

संपादक मंडळ
धागा चांगला चाललाय. दोन सूचना: डॉक्टरांची व खासगी रुग्णालयांची नावं टाकू नयेत, आणि फोटो तर मुळीच टाकू नयेत. एक फोटो आत्ताच उडवला आहे.

नादखुळा
वांग्याचा होता की कशाचा?

संपादक मंडळ
वांग्याचा. तरीही उडवला.

बोस्टनचा_बावडेकर
अवांतर, हे दुखणं काही आजचं नाही. हजार वर्षांपूर्वी कोर्डोबाच्या अबुल कासिमनं ह्याचं वर्णन केल्याचं सांगतात. त्या काळीही कुणीतरी 'घोड्यावरनं पडलो' म्हणालं असणार.

कागलकर_नवा
नवीन खातं काढलंय. कुणी जागं आहे का. मला आज साडेबाराच्या सुमारास असंच झालंय. आवाज आला. आता खूप सूज आहे. लघवीला गेलो तर रक्त आलं. वर वाचलं की तीस तासांनीसुद्धा चालतं, म्हणून सकाळी जावं म्हणतोय. घरात आईवडील झोपलेत, उठवायला लाज वाटते.

रात्रपाळी
जागी आहे. सकाळची वाट बघू नका. आत्ता निघा. लघवीत रक्त म्हणजे मूत्रमार्गालाही इजा असू शकते. आईवडिलांना 'पोटात दुखतंय' सांगा, काहीही सांगा, पण निघा.

तांबडा_पांढरा
कागलकर, वरचं तीस तासांचं वाक्य तुमच्यासाठी नाही. ते ज्याचं ऑपरेशन होऊन गेलंय त्याच्यासाठी होतं. तुम्हाला निघायचंय. काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागेल. लघवी होत नसेल तर जोर करू नका. दवाखान्यात पोचल्यावर पहिल्यांदा सांगा की लघवीत रक्त आलंय, म्हणजे मूत्रमार्ग तपासल्याशिवाय कुणी घाईनं नळी घालणार नाही. जमल्यास इथं कळवा.

पंचगंगा_पूर
कागलहून अर्धा-पाऊण तास. रस्ता मोकळा असेल. गाडी स्वतः चालवू नका.

भोगावती
मित्रा, लाज दोन दिवसांत जाते. निघ.

कागलकर_नवा
चुलतभावाला उठवलं. निघालो.

मंगळवार_पेठ
सकाळी उठून पहिल्यांदा हा धागा उघडलो. काय झालं त्या पोराचं?

रात्रपाळी
अजून काही नाही. तो ऑपरेशनमध्ये असावा असं धरून चाललोय.

शिरोली_फाटा
माझ्या मित्रानं रात्रीच सगळा धागा वाचला. आज सकाळी त्याचा पहिला प्रश्न स्वतःबद्दल नव्हता, 'कागलचा पोहोचला का' हा होता. आणि हो, भोगावती साहेब, पहाटे ताठरता असते म्हणाला. झोपेत पण येते, तेव्हा दुखतं थोडं. त्याला वाटत होतं की त्यानं टाके तुटतील म्हणून तो रात्री जागून काढत होता!

डॉक्टर, अजून दोन शंका त्याच्या वतीनं. चिरेच्या जागी बारीक कठीण लागतंय हाताला. आणि संबंध कधीपासून?

तांबडा_पांढरा
झोपेतली ताठरता रोखायची गरज नाही, ती रात्रीतून तीन-चार वेळा आपोआप येते, निरोगी माणसालाही. पूर्वी ती दाबायला औषधं द्यायचे, आता बरेच जण देत नाहीत. जागून काढू नकोस म्हणावं.

बारीक कठीण लागतं ते टाके आणि व्रण. काही महिन्यांत मऊ पडतं बहुतेकांचं. वाढत गेलं, किंवा ताठर असताना वाकडं दिसायला लागलं, तर दाखवायचं. संबंधांना सहसा सहा आठवडे थांबायला सांगतात, पण त्याच्या सर्जननं चीर डोळ्यांनी पाहिलीय, त्यांचा शब्द शेवटचा. सुरुवातीला घाई नको. अचानक सटकून आपटण्याचा धोका ज्या स्थितीत जास्त, म्हणजे स्त्री वर असताना, ती काही महिने टाळावी. हे दोघांनाही माहीत हवं, मंगळवार_पेठ ताई म्हणाल्या तसं.

आणि मोजायचंच असेल तर पाच प्रश्नांची एक प्रश्नावली असते, आयआयईएफ-५, पंचवीसपैकी गुण. २२ किंवा जास्त म्हणजे ठीक. पण ती संबंध सुरू झाल्यावर भरायची, आत्ता नाही. आत्ता भरली तर शून्याच्या जवळ येईल आणि गडी परत खोलीत जाऊन बसेल.

पंचगंगा_पूर
आकडेवारीवाल्याकडून ह्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन.

कागलकर_नवा
भावानं टंकलंय, मी सांगतोय. पहाटे घेतलं. दोन्ही बाजू फाटल्या होत्या, मूत्रमार्गाला पण चीर. सगळं शिवलंय. नळी दोन-तीन आठवडे राहणार म्हणाले. आईला शेवटी खरंच सांगावं लागलं, तिनं फक्त 'जेवलास का' विचारलं. डॉक्टर, तुम्ही वर लिहिलंय की दोन्ही बाजू असतील तर जपून बोलीन. आता बोला.

तांबडा_पांढरा
जपूनच बोलतो. इजा मोठी आहे, हे खरं. पण वेळेत शिवलीय, आणि मूत्रमार्गाची चीर त्याच वेळी दुरुस्त झालीय, हे फार मोठं काम झालं. नळी स्वतःहून ओढू नका, ताप आला तर कळवा. नळी काढल्यावर लघवीची धार बारीक होत गेली तर लगेच दाखवा, तिथं व्रण आकसू शकतो. ताठरतेचा हिशेब तीन-चार महिन्यांनी तुमच्या डॉक्टरांसोबत करा, इथं नाही.

लाल_माती
पोरा, बरा झालास की तालमीत ये. दूध पाजतो.

नादखुळा
आणि जेवायला आमच्याकडं. वांगं सोडून काहीही.

शिरोली_फाटा
सोमवारी मित्र आणि वहिनी दोघं फेरतपासणीला जाणार आहेत. दोघांनी मिळून प्रश्नांची यादी केलीय, वहिनींचे प्रश्न जास्त निघाले. कुणाला अजून काही सुचत असेल तर रविवारपर्यंत टाका.

मंगळवार_पेठ
एकच. तपासणीला आत जाताना त्याचा मोबाईल वहिनींच्या पर्समध्ये ठेवायचा.